मेरुरज्जूतील रक्तवाहिन्यांच्या विकृती

मेरुरज्जूतील रक्तवाहिन्यांच्या विकृती हा मेरुरज्जूला किंवा त्याच्या आवरणांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या, त्यातून रक्त परत नेणाऱ्या शिरा आणि या दोहोंमधील जोड यांच्या रचनेत बिघाड झाल्याने होणाऱ्या आजारांचा गट आहे. हे आजार विरळ आहेत. मात्र पायांतील बळ जाणे, संवेदना बधिर होणे आणि लघवी-शौचावरील ताबा सुटणे यांमागील जी थोडी कारणे वेळेवर उपचार मिळाल्यास थांबवता किंवा काही अंशी उलटवता येतात, त्यांत या गटाचा समावेश होतो. त्यातील सर्वांत नेहमी आढळणारा प्रकार म्हणजे मेरुरज्जूच्या बाहेरच्या जाड आवरणातील धमनी-शिरा फिस्टुला, अर्थात ड्युरल फिस्टुला. तो बहुधा पन्नाशी उलटलेल्या पुरुषांना होतो, हळूहळू वाढतो आणि कमरेच्या मणक्यांची झीज, प्रोस्टेटची वाढ किंवा उतारवयाचा अशक्तपणा समजून दीर्घकाळ दुर्लक्षित राहतो. त्यामुळे या आजारात रुग्ण पुन्हा चालेल की नाही हे शस्त्रक्रियेच्या कौशल्याइतकेच निदान किती लवकर झाले यावर ठरते.

मेरुरज्जूचा रक्तपुरवठा

मेरुरज्जू मेंदूच्या तळापासून सुरू होतो आणि प्रौढ माणसात साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी शंकूच्या आकाराच्या टोकात संपतो. त्याच्या पुढच्या बाजूने एक आणि मागच्या बाजूने दोन अशा तीन लांब धमन्या खाली उतरतात. पुढची धमनी मेरुरज्जूच्या आडव्या छेदातील सुमारे दोन-तृतीयांश भागाला रक्त पुरवते. स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या पेशी याच भागात असतात.

मानेतून निघालेले रक्त एवढ्या लांबवर पुरत नाही. म्हणून महाधमनीच्या फासळ्यांकडे व कमरेकडे जाणाऱ्या शाखांपैकी काही शाखा, मज्जातंतूंच्या मुळांसोबत आत शिरून, या लांब धमन्यांना वाटेत भर घालतात. अशा शाखा प्रत्येक मणक्यापाशी दोन्ही बाजूंना असतात, पण मेरुरज्जूपर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचणाऱ्या मोजक्याच असतात. त्यांतील सर्वांत मोठी शाखा ॲडमकिविचची धमनी म्हणून ओळखली जाते. आल्बर्ट ॲडमकिविच यांनी १८८२ मध्ये तिचे वर्णन केले. बहुतेक लोकांत ती डाव्या बाजूने, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्यांच्या दरम्यान निघते. अँजिओग्राफीच्या चित्रात ती वर चढून केसात लावायच्या आकड्यासारखी वळते आणि पुढच्या लांब धमनीला मिळते. उपचार करणाऱ्याला ती कोठून निघते हे आधी माहीत असावे लागते, कारण ती चुकून बुजली तर दोन्ही पाय कायमचे लुळे पडू शकतात.

रक्त परत नेणाऱ्या शिरा मेरुरज्जूच्या पृष्ठभागावर जाळ्यासारख्या पसरलेल्या असतात. तेथून मज्जातंतूंच्या मुळांसोबत आवरण भेदून रक्त बाहेर पडते. आवरणाच्या आतील या शिरांना झडपा नसतात, म्हणजे दाब उलटला की रक्ताला मागे फिरण्यास अडथळा राहत नाही.

प्रकार

या विकृतींचे वर्गीकरण अनेकदा बदलले आहे आणि वेगवेगळ्या ग्रंथांत निरनिराळे क्रमांक आढळतात. व्यवहारात महत्त्वाचे प्रश्न दोनच असतात: धमनी आणि शिरा नेमक्या कोठे जोडल्या गेल्या आहेत, आणि त्या जोडातून रक्त किती वेगाने वाहते.

ड्युरल फिस्टुलात हा जोड मज्जातंतूचे मूळ जेथून बाहेर पडते तेथील आवरणाच्या जाडीत असतो. रक्ताचा वेग कमी असतो. मेरुरज्जूतील धमनी-शिरा जोडांपैकी सुमारे ७० टक्के या प्रकारचे असतात. दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण ५ ते १० नवे रुग्ण आढळतात आणि पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या सुमारे पाचपट असते. ‘विकृती’ या शब्दावरून तो जन्मजात असावा असे वाटते, परंतु तो नंतर उद्भवतो असेच आज मानले जाते.

मेरुरज्जूच्या आतील धमनी-शिरा गुंता हा याहून अगदी वेगळा आजार आहे. तो जन्मजात मानला जातो आणि मुले व तरुणांमध्ये दिसतो. धमन्या आणि शिरा यांच्यामध्ये केशवाहिन्यांऐवजी वेड्यावाकड्या वाहिन्यांचा पुंजका असतो, रक्त जोरात वाहते आणि वाहिनी फुटून रक्तस्राव होण्याचा धोका असतो. हा गुंता कधी एकाच खंडातील मेरुरज्जू, मणका, स्नायू आणि त्वचा यांत एकदम पसरलेला असतो. अशा रुग्णाच्या पाठीवर त्याच पातळीला लालसर जन्मखूण असू शकते. स्टॅन्ली कॉब यांनी १९१५ मध्ये असा रुग्ण नोंदवला म्हणून या अवस्थेला कॉब सिंड्रोम म्हणतात.

तिसऱ्या प्रकारात जोड मेरुरज्जूच्या पृष्ठभागावरच, पुंजक्याशिवाय, थेट असतो. लहान मुलांतील असे मोठे जोड कधी कधी वारंवार नाकातून रक्त येणाऱ्या एका आनुवंशिक आजाराशी निगडित असतात. चौथा म्हणजे कॅव्हर्नोमा. हा पातळ भिंतीच्या, रक्ताने भरलेल्या पोकळ्यांचा लहानसा गोळा असतो. त्यात रक्त जवळजवळ साचलेले असल्याने तो अँजिओग्राफीत दिसत नाही, एमआरआयमध्ये मात्र स्पष्ट उमटतो.

ड्युरल फिस्टुलात मेरुरज्जूला इजा कशी होते

ड्युरल फिस्टुलात सहसा रक्तस्राव होत नाही आणि गाठही दाबत नाही. मग मेरुरज्जू निकामी का होतो, हा प्रश्न वैद्यकाला बराच काळ सुटला नव्हता. बागायती शेतीतील एका ओळखीच्या दृश्यावरून त्याचे उत्तर समजते. पाटाचे पाणी शेतात न जाता थेट निचऱ्याच्या चरात सोडले, तर चर तुंबतो. शेतातले पाणी बाहेर पडायला जागा उरत नाही, जमीन चिबडते आणि सभोवती पाणी असूनही मुळे गुदमरतात.

फिस्टुलात धमनीतील जास्त दाबाचे रक्त केशवाहिन्या टाळून थेट शिरेत घुसते. ही शीर एरवी रक्त बाहेर नेणारी असते, आता तिच्यातील प्रवाह उलटा होऊन मेरुरज्जूच्या पृष्ठभागावरील जाळ्यात शिरतो. शस्त्रक्रियेदरम्यान घेतलेल्या मोजमापांत या शिरेतील दाब शरीरातील धमनी-दाबाच्या सुमारे तीन-चतुर्थांश आढळला आहे. मेरुरज्जूत रक्त शिरण्यासाठी धमनी आणि शिरा यांच्या दाबांत जो फरक लागतो तो त्यामुळे उरत नाही. ऊतीत पाणी साचते, सूज येते, प्राणवायू कमी पडतो आणि पेशी हळूहळू मरू लागतात.

सूज बहुधा मेरुरज्जूच्या खालच्या टोकापासून वर चढते. जोड छातीच्या मध्यावर असो, कटिभागात असो किंवा अगदी कवटीच्या तळाशी असो, लक्षणे अनेकदा पायांपासूनच सुरू होतात. लक्षणांच्या पातळीवरून जोडाची जागा ओळखता येत नाही, हा या आजाराचा सर्वांत फसवा गुण म्हणावा लागेल.

लक्षणे

सुरुवात बहुधा किरकोळ असते. थोडे चालल्यावर पाय जड होणे, जिना चढताना गुडघे दगा देणे, चप्पल पायातून निसटणे, तळव्यांना मुंग्या येणे, जमीन कापसासारखी लागणे अशा तक्रारी रुग्ण सांगतो. बसल्यावर बरे वाटते. चालल्यावर वाढणारी आणि विश्रांतीने ओसरणारी ही तक्रार कमरेच्या मणक्यांतील जागा अरुंद झाल्यावर होणाऱ्या त्रासासारखीच असते, आणि साठीतल्या माणसाच्या कमरेच्या एमआरआयमध्ये थोडीफार झीज सापडतेच. घरगुती बोलीत ‘मणक्यात गॅप आहे’ किंवा ‘नस दबली आहे’ असे निदान होते. पट्टा, मालिश, वेदनाशामके यांत महिने जातात.

पुढे लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, तुंबणे किंवा नकळत होणे, बद्धकोष्ठ, लैंगिक क्षमता कमी होणे ही लक्षणे जोडली जातात. लाजेपोटी ती सांगितली जात नाहीत, किंवा पुरुषांत ती प्रोस्टेटच्या खाती टाकली जातात. निदान होण्यापूर्वी कमरेच्या मणक्याची किंवा प्रोस्टेटची शस्त्रक्रिया होऊन गेलेले रुग्ण जगभरच्या वैद्यकीय साहित्यात वारंवार आढळतात. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत एक ते तीन वर्षे जाणे नेहमीचे आहे.

या उशिराची किंमत मायकेल अमिनॉफ आणि व्हॅलेंटाइन लोग यांनी १९७४ मध्ये लंडनमधील ६० रुग्णांच्या अभ्यासातून दाखवून दिली. वेदनेखेरीज इतर लक्षणे सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत १९ टक्के आणि तीन वर्षांत निम्मे रुग्ण गंभीरपणे अपंग झाले होते. चालण्याची आणि लघवीवरील ताब्याची प्रतवारी करण्यासाठी त्यांनी वापरलेली मोजपट्टी त्यांच्याच नावाने आजही वापरली जाते.

मेरुरज्जूच्या आतील गुंत्याची कहाणी बहुधा अशी रेंगाळत नाही. धडधाकट तरुणाच्या पाठीत अचानक सुरा भोसकल्यासारखी कळ येते आणि काही मिनिटांत किंवा तासांत पाय लुळे पडतात. कधी रक्त मेरुरज्जूभोवतालच्या द्रवात मिसळून डोकेदुखी व मान आखडणे अशी मेंदूतील रक्तस्रावासारखी लक्षणे दिसतात, आणि मेंदूच्या तपासणीत काहीच सापडत नाही.

निदान

पाय कमजोर होण्याची कारणे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीच या विकृतींपेक्षा कितीतरी अधिक आढळतात: मणक्याचा क्षयरोग, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मानेच्या मणक्यांचा दाब, गाठी, मेरुरज्जूचा दाह, आणि पूर्व विदर्भात एके काळी लाखोळीच्या डाळीच्या अतिसेवनाने येणारा पांगळेपणा. डॉक्टरांनी आधी यांचा विचार करणे योग्यच असते. अडचण येते ती कमरेच्या तक्रारीला कमरेचाच एमआरआय काढला जातो तेव्हा. मेरुरज्जूचे टोक त्या चित्राच्या अगदी वरच्या कडेला येते आणि तेथील सूज नजरेतून सुटते. पायांत बधिरपणा आणि लघवीची तक्रार एकत्र असेल, तर छातीच्या भागासह संपूर्ण मेरुरज्जूचा एमआरआय आवश्यक ठरतो.

एमआरआयमध्ये दोन खुणा पाहिल्या जातात. मेरुरज्जूचा मधला भाग अनेक मणक्यांच्या लांबीत पांढरट दिसतो, ही सूज होय. मेरुरज्जूच्या मागे द्रवात काळ्या, किड्यांसारख्या वळवळत्या रेषा दिसतात, त्या फुगलेल्या शिरा. पहिली खूण दिसून दुसरी नजरेआड झाली, तर मेरुरज्जूचा दाह असे निदान होते आणि रुग्णाला शिरेतून मोठ्या मात्रेत स्टिरॉइड दिले जाते. दाहात हा योग्य उपचार आहे. ड्युरल फिस्टुलात मात्र स्टिरॉइड दिल्यावर काही तासांत किंवा दिवसांत पायांचे उरलेसुरले बळ जाण्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. पाठीतून पाणी काढण्याच्या तपासणीनंतरही असे घडलेले आहे. स्टिरॉइडने प्रकृती बिघडणे ही स्वतःच एक निदानाची खूण मानावी, असे आता अनेक तज्ज्ञ सांगतात.

अंतिम निदान डीएसए या अँजिओग्राफीने होते. जांघेतील धमनीतून बारीक कॅथेटर महाधमनीत नेला जातो आणि फासळ्यांकडे व कमरेकडे जाणारी प्रत्येक शाखा, दोन्ही बाजूंची, एकेक करून रंगद्रव्य सोडून तपासली जाते. तरीही जोड सापडला नाही तर ओटीपोटातील, मानेतील आणि डोक्याच्या आवरणांच्या धमन्याही पाहाव्या लागतात. हृदयाच्या अँजिओग्राफीशी तिची तुलना करता येत नाही. ती कित्येक तास चालते, रंगद्रव्य जास्त लागते आणि मूत्रपिंडांची क्षमता आधी तपासावी लागते. रंगद्रव्य देऊन केलेल्या एमआर अँजिओग्राफीने जोडाची पातळी आधीच अंदाजता आली, तर हे काम पुष्कळ आटोक्यात येते. एकदा डीएसए ‘नॉर्मल’ आली म्हणजे आजार नाही असे होत नाही. संशय दाट असेल तर ती पुन्हा केली जाते.

उपचारांचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात शवविच्छेदनात मेरुरज्जूवर फुगलेल्या शिरांची वेटोळी दिसत, आणि हा शिरांचाच आजार असावा, पायांवरील फुगलेल्या शिरांसारखा, असे समजले जाई. न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स एल्सबर्ग यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात अशा विकृतीवरील यशस्वी शस्त्रक्रियेची नोंद केली. १९२६ मध्ये पॅरिसमध्ये शार्ल फ्वा आणि तेओफील आलाझुआनिन यांनी मेरुरज्जू हळूहळू मृत होत गेलेल्या दोन रुग्णांचे वर्णन केले. त्यांचे नाव या अवस्थेला चिकटले, पण कारण तेव्हा उलगडले नव्हते.

त्यानंतरची कित्येक दशके शल्यचिकित्सक फुगलेल्या शिरा मेरुरज्जूवरून सोलून काढत. ही अवघड आणि अनेकदा घातक शस्त्रक्रिया होती, कारण सोलून काढलेल्या शिरा हाच मेरुरज्जूचा रक्त बाहेर सोडण्याचा मार्ग होता. चित्र पालटले ते १९६० च्या दशकात. पॅरिसमध्ये रेने जिंजियाँ आणि अमेरिकेत जॉव्हानी दि किरो, जॉन डॉपमन व आयुब ओमाया यांनी मेरुरज्जूच्या धमन्यांची निवडक अँजिओग्राफी विकसित केली. त्यांपैकी ओमाया यांचे वैद्यकीय शिक्षण लाहोरला झाले होते. याच अमेरिकी गटाने १९६८ मध्ये कॅथेटरमधून विकृती बुजवल्याची नोंद केली.

निर्णायक शोध १९७७ चा. लंडनमध्ये ब्रायन केंडल आणि लोग यांनी दाखवले की या रुग्णांपैकी बहुतेकांत खरा जोड मेरुरज्जूवर नसून बाहेरच्या आवरणात असतो आणि फुगलेल्या शिरा केवळ त्याचा परिणाम असतात. जोडातून आत येणारी एकच शीर कापली की पुरे, बाकीच्या शिरांना हात लावण्याची गरज नाही. शस्त्रक्रिया एकाएकी लहान, सुरक्षित आणि परिणामकारक झाली. अवघड शस्त्रक्रिया चुकीच्या जागी केली जात होती, असे त्या काळाचे वर्णन करणे अन्यायाचे होणार नाही.

ड्युरल फिस्टुलावरील उपचार

आज दोन मार्ग उपलब्ध आहेत. दोन्हींचे उद्दिष्ट एकच असते: जोडातून मेरुरज्जूकडे जाणाऱ्या शिरेचे सुरुवातीचे टोक कायमचे बंद करणे.

शस्त्रक्रियेत रुग्णाला पालथे झोपवून एक्स-रेवर मणके मोजले जातात. छातीच्या मधल्या भागात मणके मोजताना एकाची चूक होणे सहज शक्य असते, म्हणून काही ठिकाणी अँजिओग्राफीच्या वेळीच धातूची बारीक गुंडाळी खूण म्हणून सोडली जाते. एक-दोन मणक्यांच्या मागच्या कमानीचा थोडा भाग काढून आवरण उघडले जाते. सूक्ष्मदर्शकाखाली मज्जातंतूच्या मुळाशेजारून आत येणारी शीर दिसते. ती शीर असूनही धमनीसारखी लालभडक असते. तिच्यावर तात्पुरती क्लिप लावली की पृष्ठभागावरच्या शिरा काही क्षणांत सैल पडतात आणि त्यांचा रंग लालवरून निळसर होऊ लागतो. योग्य जागा सापडल्याची ही खात्री पटल्यावर शीर विद्युत उष्णतेने बंद करून कापली जाते. अवरक्त प्रकाशात चमकणारे रंगद्रव्य शिरेतून देऊन प्रवाह थांबल्याचे सूक्ष्मदर्शकातूनच तपासण्याची सोय आता झाली आहे.

दुसरा मार्ग एम्बोलायझेशनचा, म्हणजे रक्तवाहिनी आतून बुजवण्याचा आहे. केसाएवढ्या बारीक नळीतून पोसणाऱ्या धमनीत शक्य तितके पुढे जाऊन द्रवरूप गोंद सोडला जातो, जो रक्ताच्या संपर्कात घट्ट होतो. ओनिक्स या नावाने मिळणारा सावकाश घट्ट होणारा द्रवही वापरतात. गोंद धमनीतच थांबून चालत नाही. तो जोड ओलांडून शिरेच्या सुरुवातीच्या भागापर्यंत पोहोचावा लागतो. धमनीतच अडला, तर शेजारच्या शाखा काही महिन्यांत जोडाला पुन्हा रक्त पुरवू लागतात. पूर्वी वापरले जाणारे प्लास्टिकचे कण याच कारणाने मागे पडले. ते सोडल्यावर रुग्ण बरा होई आणि पुन्हा बिघडे.

कोणता मार्ग निवडावा यावर मतभेद आहेत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात शस्त्रक्रियेने ९८ टक्के आणि एम्बोलायझेशनने ४६ टक्के रुग्णांत जोड पहिल्याच प्रयत्नात बंद झाला होता. नव्या द्रवांनी आणि नळ्यांनी ही दरी कमी झाली आहे, पण बुजलेली नाही. एम्बोलायझेशन कमी त्रासाचे असते, अँजिओग्राफीच्या त्याच बैठकीत करता येते आणि ते अपुरे ठरल्यास शस्त्रक्रियेचा मार्ग खुला राहतो. याउलट जोडाला पोसणाऱ्या धमनीतूनच ॲडमकिविचची किंवा मेरुरज्जूला पुरवठा करणारी दुसरी शाखा निघत असेल, तर गोंद सोडणे धोक्याचे ठरते आणि शस्त्रक्रियाच केली जाते. मार्ग कोणताही असो, जोड अर्धवट बंद ठेवून रुग्णाला घरी पाठवणे आणि ‘पाहू’ म्हणणे हा उपचार मानला जात नाही.

इतर प्रकारांवरील उपचार

मेरुरज्जूच्या आतील गुंत्याबाबत इतका सरळ हिशेब नाही. गुंता पूर्ण काढण्याच्या प्रयत्नात निरोगी ऊतीला इजा होऊ शकते. म्हणून अनेकदा उद्दिष्टच मर्यादित ठेवले जाते: रक्तस्रावाला कारण ठरलेला फुगवटा किंवा सर्वांत धोकादायक भाग एम्बोलायझेशनने बंद करणे आणि प्रवाहाचा जोर कमी करणे. गुंता आटोपशीर व मागच्या बाजूस असेल तर सूक्ष्मशस्त्रक्रियेने तो काढता येतो. अनेक खंडांत पसरलेल्या विकृती क्वचितच पूर्ण बऱ्या होतात. केंद्रित किरणोपचाराचा वापर मेरुरज्जूत मर्यादित राहिला आहे.

पृष्ठभागावरील थेट जोड लहान असेल तर शस्त्रक्रियेने आणि मोठा, वेगवान असेल तर बहुधा गुंडाळ्या किंवा गोंद यांनी बंद केला जातो. कॅव्हर्नोमा पृष्ठभागालगत असेल आणि त्यातून वारंवार रक्तस्राव होऊन लक्षणे वाढत असतील तर काढला जातो. लक्षणे नसतील तर नियमित एमआरआय करून लक्ष ठेवले जाते.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात या उपचारांचा पाया मुंबईत घातला गेला. मुंबई महापालिकेच्या परळ येथील के.ई.एम. रुग्णालयात, जे १९२६ पासून सुरू आहे, मेंदूशल्यचिकित्सा आणि क्ष-किरण विभाग यांच्या सहकार्यातून रक्तवाहिन्यांच्या आतून करायचे उपचार रुजले. तेथील क्ष-किरण विभागाचे प्रमुख राहिलेले डॉ. रवी रामकांतन आणि मेंदू व मेरुरज्जूच्या रक्तवाहिन्यांवर काम करणारे डॉ. उदय लिमये यांची नावे या क्षेत्रात घेतली जातात. मुंबईतीलच डॉ. अनिल करापूरकर हे मेंदूशल्यचिकित्सक असून कॅथेटरद्वारे करायच्या उपचारांकडे वळले. सार्वजनिक रुग्णालयात हे तंत्र आल्याने गरीब रुग्णांनाही ते मिळू लागले, हे विशेष.

जिल्ह्याच्या पातळीवर चित्र वेगळे आहे. अहिल्यानगर शहराचे पुणे रस्त्यावरील उपनगर असलेल्या केडगावचे उदाहरण घेता येईल. तेथील रहिवाशाला एमआरआय शहरातच मिळतो, जिल्हा रुग्णालय जवळ आहे आणि विळद घाट व लोणी येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. संशय घेण्यासाठी आणि संपूर्ण मेरुरज्जूचे चित्र काढण्यासाठी एवढे पुरेसे आहे. मेरुरज्जूची अँजिओग्राफी व एम्बोलायझेशन नियमितपणे करणारे तज्ज्ञ मात्र मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. पुणे सुमारे १२० किलोमीटरवर आहे आणि मुंबई त्याच्या दुप्पट अंतरावर. अंतर एका दिवसाचे असले तरी, पाय ओढत चालणाऱ्या आणि लघवीची नळी लावलेल्या माणसाला, सोबत एक कमावते माणूस घेऊन, पुन्हा पुन्हा हा प्रवास करावा लागतो. सुगीच्या दिवसांत तो पुढे ढकलला जातो. म्हणून पहिल्याच खेपेला योग्य विभागाकडे पाठवणारी चिठ्ठी आणि सर्व एमआरआयच्या मूळ फिती किंवा सीडी सोबत असणे याला महत्त्व येते.

खर्चाच्या बाबतीत महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार घेता येतो. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ मध्ये नामांतर झालेल्या या योजनेत कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण होते. २०२३ च्या शासन निर्णयाने ते पाच लाखांपर्यंत वाढवण्यात आले. योजनेत ठरावीक उपचार ठरावीक रुग्णालयांतच मिळतात. त्यामुळे दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे सुचवलेला उपचार यादीत आहे का, याची चौकशी करावी लागते.

उपचारानंतर

जोड बंद झाल्यावर शिरांतील दाब लगेच उतरतो, पण सूज ओसरायला आठवडे ते महिने लागतात. पायांतील बळ सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त सुधारते, बधिरपणा त्याहून कमी. लघवीवरील ताबा व लैंगिक क्षमता यांत सुधारणा सर्वांत कमी होते. उपचारापूर्वी आधाराने का होईना चालू शकणारे रुग्ण बहुधा चालते राहतात. अंथरुणाला खिळल्यावर आलेल्यांपैकीही काही उभे राहतात, म्हणून उशीर झाला या कारणाने उपचार नाकारणे योग्य ठरत नाही.

मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसेल, तर ठरावीक वेळाने स्वच्छ नळी घालून लघवी काढण्याचे तंत्र रुग्णाला किंवा घरच्यांना शिकवले जाते. कायमची नळी ठेवण्यापेक्षा त्याने जंतुसंसर्ग कमी होतो. बधिर त्वचेवर जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे, आखडलेल्या स्नायूंसाठी बॅक्लोफेनसारखी औषधे आणि सातत्याने भौतिकोपचार हे उपचाराचेच भाग आहेत. उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर किंवा शेकोटीजवळ बधिर पाय भाजल्याचे रुग्णाला कळत नाही, याची घरच्यांना कल्पना द्यावी लागते.

काही महिन्यांनी एमआरआय आणि, विशेषतः एम्बोलायझेशन झालेले असल्यास, पुन्हा अँजिओग्राफी केली जाते. सुधारलेले पाय पुन्हा जड होऊ लागले तर ते वयामुळे असे न समजता जोड परत उघडला आहे का हे तपासले जाते. तशा रुग्णांत दुसऱ्यांदा केलेला उपचारही परिणामकारक ठरतो.